झाडामागचे आकाश

छायाचित्रातल्या झाडामागचे खरे आकाश काढून तिथे दुसरे बसवण्याचा उद्योग संगणकाच्या फार आधीचा आहे. काचेच्या निगेटिव्ह वापरात आल्या आणि पाठोपाठ काही वर्षांतच तो सुरू झाला. त्यामागे हौसेपेक्षा नाइलाज अधिक होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ओल्या कोलोडिअनची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीने तयार केलेली काच निळा, जांभळा आणि डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा ओळखत असे. हिरव्याला ती जवळजवळ आंधळी होती आणि तांबड्याला पूर्णच. निळे आकाश आणि पांढरा ढग यांचा तिच्यावर सारखाच मारा होई. निगेटिव्हवर दोन्ही सारखेच काळेकुट्ट उमटत आणि कागदावर आकाशाच्या जागी कोरा पांढरा पट्टा येई. झाडाची हिरवी पाने मात्र उमटायला कित्येक सेकंद घेत. पानांसाठी थांबावे तर आकाश हातचे जाई, आकाशासाठी घाई करावी तर झाडाचा नुसता काळा डाग उरे.

ही अडचण समजून घ्यायला वसई-विरारचा किनारा चांगला. अर्नाळा, राजोडी, कळंब इथे समुद्राकाठी सुरूची बने आहेत. आगाशी, बोळींज, नंदाखाल या पट्ट्यात माड, पोफळी आणि केळीच्या वाड्या, तर रेल्वेच्या पूर्वेला जीवदानीचा डोंगर आणि त्याच्या दक्षिणेला तुंगारेश्वरचे रान. पावसाळ्याचे दिवस आणि त्याच्या आगेमागेचे काही आठवडे सोडले, तर या पट्ट्यातले दुपारचे आकाश फिकट असते. खारी, दमट हवा आणि धुरळा मिळून त्याचा निळेपणा धुऊन काढतात. भर उन्हात वाडीतून वर पाहिले की डोळ्याला झावळीचे एकेक पाते वेगळे दिसते आणि मागे काहीतरी निळसरही दिसते. कॅमेऱ्याला यांपैकी एकच जमते. त्यात कोलोडिअनच्या काळी समुद्रावरून वारा वाहता असला म्हणजे झावळी काही सेकंद स्थिर राहील ही आशाही सोडावी लागे.

कोरे आकाश हा पहिल्या पिढीतल्या छायाचित्रकारांना दोष वाटलाच, पण त्यात आणखी एक भर होती. काचेवर द्रावण हाताने ओतावे लागे. ते कुठे जाड, कुठे पातळ पसरले, धूळ बसली, बोटाचा ठसा उमटला, की त्याचे डाग नेमके आकाशाच्या भागात सर्वांत ठळक दिसत. म्हणून अनेकजण निगेटिव्हवरचे आकाश काळ्या वा तांबड्या अपारदर्शक रंगाने सरळ रंगवून टाकत. छापात ते स्वच्छ पांढरे येई. आज जुन्या छायाचित्रांतले जे निरभ्र आकाश पाहून लोक त्या काळच्या शुद्ध हवेबद्दल हळहळतात, ते पुष्कळदा कुंचल्याने केलेले असते. रंग लावताना झाडाच्या शेंड्याशी हात थांबवावा लागे. बारीक फांद्या वाचवत बसण्यापेक्षा त्या रंगाखाली घालवणे सोपे, त्यामुळे जुन्या छापांतली कित्येक झाडे नको इतकी गोलमटोल दिसतात.

रंगवायचेच आहे तर पांढरे का, ढगच का नकोत, हा पुढचा विचार. त्याचा भारतातला ठळक दाखला कॅप्टन लिनियस ट्राइप याचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याने १८५५ मध्ये ब्रह्मदेशात आणि पुढे मद्रास इलाख्यात मोठी छायाचित्रे काढली. तो मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्ह वापरत असे. कागदावर रंग सहज धरतो. ट्राइपने निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगवले आणि जिथे पाने एकमेकांत मिसळून गेली होती तिथे त्यांनाही आकार दिला. झाड आणि आकाश ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत हे त्याला कळले होते. त्याचे ढग पाहणाऱ्याला खटकत नाहीत, कारण ते बेताने घातलेले आहेत. त्याच्यानंतर हा बेत फार थोड्यांना साधला.

युरोपात दुसरा मार्ग निघाला. १८५२ मध्ये इपोलित बायार याने सुचवले की ढगांची निगेटिव्ह वेगळी घ्यावी आणि दोन्ही एकाच कागदावर छापाव्यात. ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली, त्यांतली काही अशीच दोन निगेटिव्हची आहेत. लाटांसाठी एक, ढगांसाठी दुसरी. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण समुद्राचे क्षितिज सरळ रेघेचे असते. जोड त्या रेघेवर बसवला की काम झाले. कामीय सिल्वी याने १८५८ मध्ये फ्रान्समधल्या एका नदीकाठचे चित्र केले, त्यात मात्र काठावर झाडे होती. त्याला आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून झाडांच्या ओळीशी हाताने बरीच डागडुजी करावी लागली.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या आल्ब्युमिन कागदावर निगेटिव्ह ठेवून तो लाकडी चौकटीत घट्ट बसवत आणि चौकट उन्हात ठेवत. चौकटीचे मागचे झाकण मधोमध दुमडणारे असे. एक बाजू उघडून कागद अलगद उचलायचा आणि छाप किती चढला ते बघायचे. दुसरी बाजू दाबलेलीच राहत असल्याने कागद सरकत नसे. पहिल्या फेरीत जमीन आणि झाडे छापून घेत, आकाश झाकलेले. दुसऱ्या फेरीत पहिली निगेटिव्ह काढून ढगांची लावायची, जमिनीवर पुठ्ठा नाहीतर कापूस धरायचा आणि तो अधूनमधून हलवत राहायचा, म्हणजे सीमेवर कडक रेघ उमटत नाही.

झाडाशी आले की पुठ्ठ्याचा उपयोग संपे. माडाच्या एका झावळीला दोन्ही बाजूंना शेकड्यांनी पाती असतात आणि दर दोन पात्यांमधून आकाश दिसते. त्या प्रत्येक फटीसाठी कागद कापणे कोणालाही शक्य नव्हते. तोडगा झाडानेच दिला. कोलोडिअनला हिरवा दिसत नसल्याने झाड छापात काळपट उतरायचे. मग ढग झाडावरूनच छापून टाकले तरी काय बिघडणार? फटींतून ढग उमटायचे आणि काळ्या पानांवर पडलेली फिकी छटा नजरेला येतच नसे. हेन्री पीच रॉबिन्सन याच्यासारखे जोडचित्रांतले मुरब्बी लोक म्हणूनच क्षितिजावर गडद झाडी असलेले दृश्य पसंत करत. त्याचे १८६९ चे ‘पिक्टोरिअल इफेक्ट इन फोटोग्राफी’ हे पुस्तक या पंथाचे पाठ्यपुस्तकच झाले. ही युक्ती उजळ वस्तूपाशी फसते. चुना दिलेली भिंत, चर्चचा पांढरा दर्शनी भाग, देवळाचे शिखर किंवा उन्हात चकाकणारे केळीचे पान यांवर ढग छापला तर तो दिसतोच.

मुंबईत या साऱ्याची खबर लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय उभा केला. सोसायटीच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसनसोबत मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे काढली आणि ती १८६३ व १८६६ मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झाली. या चित्रांतली माणसे एका निगेटिव्हवरची आणि त्यांच्या मागचे देखावे दुसऱ्या निगेटिव्हवरचे आहेत. मुंबईतल्या माणसांना, त्यांना पत्ताही नसताना, भलत्याच झाडांपुढे उभे केले गेले. काही पानांवर माणसांच्या कडा देखाव्यापासून सुटून दिसतात, पायांखालच्या सावल्या जुळत नाहीत. वंशशास्त्राचा दस्तऐवज म्हणून ही पुस्तके वापरणाऱ्या अभ्यासकाने आधी हे जोड तपासावेत, मगच पार्श्वभूमीवरून काही अनुमान काढावे.

विरार त्या वेळी मुंबईपासून फार दूर राहिले नव्हते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेची विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंतची गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली. ओल्या काचेच्या छायाचित्रकाराला रेल्वेचे मोल मोठे होते. काच ओली असेतोवर, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, ती लेपून, चित्र घेऊन धुवावी लागे. म्हणजे काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांची पेटी हे सगळे बिऱ्हाड जागेवर न्यायचे. वसईच्या किल्ल्याची छापील रूपात पोचलेली जुनी छायाचित्रे याच पद्धतीच्या काळातली आहेत. गोव्याचे डॉ. जुझे गेर्सन दा कुन्हा मुंबईत वैद्यकी करत आणि इतिहास लिहीत. त्यांचा चौल आणि वसईच्या इतिहासावरील ग्रंथ १८७६ मध्ये मुंबईत निघाला, तो १७ छायाचित्रांसह. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला तोवर ओसाड पडून त्याच्या भिंतींत झाडे रुजली होती, आणि भग्न कमानीतून वाढलेले झाड हा त्या काळच्या छायाचित्रकारांचा आवडता विषय होता. अशा ग्रंथांतली चित्रे पुरावा म्हणून छापली जात, त्यामुळे त्यांत आकाश कोरे असणे कोणी कमीपणाचे मानत नसे. साप्ताहिकांचा मामला वेगळा होता. तिथे छायाचित्रावरून लाकडी ठसा कोरताना कोरणारा कारागीर आपल्या मर्जीने ढग घाले, पक्षीही सोडे.

ढगांच्या निगेटिव्हचा साठा करणे ही लवकरच रीत झाली. बाजारात तयार निगेटिव्हही मिळू लागल्या. एडवर्ड मायब्रिज, ज्याचे पळत्या घोड्याचे प्रयोग पुढे गाजले, त्याने अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याच्या चित्रांत आपल्या संग्रहातले ढग वापरले. तेच ढग त्याच्या वेगवेगळ्या चित्रांत सापडतात. १८६९ मध्ये त्याने कॅमेऱ्याला बसवायची एक झडपही जाहीर केली. तिने आकाशाकडून येणारा प्रकाश आधी अडतो आणि जमिनीला जास्त वेळ मिळतो. सपाट माळावर ती चालते. उंच झाड चौकटीत आले की झडपेची सावली झाडाच्या शेंड्यावरही पडते. पुढच्या शंभर वर्षांत निघालेल्या प्रत्येक झडपेची आणि काचेची हीच रड राहिली.

बाहेरून आणलेल्या आकाशावर टीकाही तेव्हाच सुरू झाली होती. आक्षेप नीतीचा कमी, निरीक्षणाचा अधिक. जमिनीवर सावल्या डावीकडे पडलेल्या आणि ढग मात्र डावीकडूनच उजळलेले, तळ्यात ढगांचे प्रतिबिंबच नाही, दुपारच्या झाडांवर संध्याकाळचे आकाश. पीटर हेन्री एमर्सन याने १८८९ मध्ये नैसर्गिक छायाचित्रणाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि रॉबिन्सनच्या पंथावर कडाडून हल्ला केला. पण वादाने जे झाले नसते ते रसायनशास्त्राने केले. हेर्मान फोगेल याला १८७३ मध्ये आढळले की काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवाही दिसू लागतो. १९०६ पासून तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. भिंगावर पिवळी वा तांबडी काच चढवली की निळे आकाश गडद होऊन ढग आपोआप उठून दिसू लागले, झाडाच्या पानांसकट, एकाच निगेटिव्हवर. ढग जिथे खरोखर होते तिथली गरज अशी संपली. जिथे आकाशच पांढुरके होते तिथे पिवळी काच निरुपयोगी होती, आणि कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यात तेच होते.

महाराष्ट्रात याच सुमारास दुसऱ्या वाटेने खोटे आकाश घरोघर पोचले, ते म्हणजे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. संगीत नाटकांच्या भरभराटीने पडदे रंगवणाऱ्या चित्रकारांची एक मोठी पिढी तयार केली होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे त्यांतले नामवंत. कठडा, बागेतली पायवाट, दोन ताड आणि वर ढग असा पडदा फोटोच्या दुकानात लावणे सर्वत्र रूढ झाले. दाराबाहेर खऱ्या माडांची वाडी असताना आत रंगवलेल्या माडापुढे कुटुंब उभे राहत असे, आणि ते त्यांना मुळीच विचित्र वाटत नसे. फोटो काढणे हा समारंभ होता आणि समारंभाला पार्श्वभूमी हवीच. शिवाय पडद्यावरचे झाड हलत नाही, पडद्यावरचे आकाश जळून पांढरे होत नाही. तांत्रिक दृष्टीने ते काम चोख होते. सिनेमाने हीच हातोटी उचलली. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रणाचा धंदा केलेले. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) मारुतीला आकाशातून उडवताना त्यांच्या कामी आली ती वेगवेगळी चित्रे एका पट्टीवर आणण्याची छायाचित्रकाराचीच विद्या.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत ही विद्या हौशी मंडळींकडे राहिली. १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. प्रदर्शनांना चित्रे पाठवणाऱ्यांच्या डार्करूममध्ये एन्लार्जरखाली दुसरी निगेटिव्ह लावून ढग छापणे ही सर्रास गोष्ट होती. स्वदेशी फिल्म उशिरा आली. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची स्थापना १९६० ची, उत्पादन १९६७ पासून, नाव ‘इंदू’. कृष्णधवल फिल्मवर आकाश छापणे जमत होते, कारण सगळा खेळ एकाच काळ्या रंगाच्या छटांचा होता. रंगीत फिल्मने तो मोडला. दोन रंगीत निगेटिव्ह एका कागदावर जुळवायच्या तर प्रत्येकीचा रंगतोल वेगळा. शहरोशहरी मिनीलॅब निघाल्यावर छाप यंत्रातून बाहेर पडू लागले आणि हाताने पुठ्ठा धरायला जागाच उरली नाही.

मग आकाश रंगवायचे काम कॅमेऱ्याच्या तोंडाशी आले. १९७८ मध्ये निघालेल्या कोकिन फिल्टरांतला अर्धा पारदर्शक, अर्धा तपकिरी तुकडा लग्नाच्या आणि कॅलेंडरांच्या छायाचित्रकारांत भलताच प्रिय झाला. त्याने आकाश तंबाखूच्या रंगाचे होई. फिल्टरची सीमा आडवी सरळ असल्याने माडाचा बुंधा हिरव्या-करड्या उजेडात आणि शेंडा तपकिरी उजेडात अशी चित्रे निघाली. त्या काळातली कॅलेंडरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही अर्धवट भाजलेली झाडे ओळखीची आहेत. अभिरुचीच्या बाबतीत हा या इतिहासातला सर्वांत पडता काळ म्हणावा लागेल.

फोटोशॉप १९९० मध्ये आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेअर मिळाले. एकावर एक थर ठेवायचे, हवा तो भाग लपवायचा. आकाश बदलण्याची जुनी पद्धत इथे नव्या नावाने परत भेटते. आकाशाचा थर झाडाच्या थरावर ठेवून ‘मल्टिप्लाय’ निवडले की पांढऱ्या जागी नवे आकाश पूर्ण दिसते आणि काळ्या पानांवर काहीच दिसत नाही. रॉबिन्सनच्या काळी ढग झाडावरूनच छापत, त्याचे हे गणिती रूप. अटीही त्याच. मूळ आकाश पांढरे हवे, झाड गडद हवे. पानांवर ऊन चमकत असेल तर नवा ढग पानांतून आरपार दिसतो.

अधिक नेमके काम करायचे तर चॅनेल वापरतात, आणि त्यातली गोष्ट मोठी मौजेची आहे. डिजिटल चित्र तांबडा, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलांचे बनते. हे चॅनेल एकेक करून उघडले की निळ्यात आकाश पांढरे आणि पाने काळी दिसतात, कारण हिरवे पान निळा प्रकाश फारसा परावर्तित करत नाही. त्या चॅनेलची प्रत काढायची, तिचा काळा-पांढरा भेद आणखी ताणायचा, की झावळीच्या पात्यापात्यामधल्या फटींसह झाडाचा मास्क, म्हणजे झाड तेवढे वेगळे काढणारा साचा, तयार होतो. निळा चॅनेल म्हणजे १८५१ च्या काचेचीच नजर. ज्या एकरंगी दृष्टीने आकाश पुसून टाकले आणि हा सगळा खटाटोप मागे लावला, तीच दृष्टी आज झाड कापून काढायला उपयोगी पडते.

तरी सुरू अवघडच. त्याची पाने म्हणून जे दिसते त्या बारीक, सुईसारख्या हिरव्या काड्या असतात. अर्नाळ्याच्या बनाचा थोडा दुरून फोटो घेतला तर एकेक काडी एका पिक्सेलपेक्षाही अरुंद पडते. त्या पिक्सेलमध्ये थोडे झाड आणि थोडे पांढरे आकाश मिसळलेले असते. मास्क कितीही चांगला असो, तो पिक्सेल नव्या निळ्या आकाशापुढे ठेवला की त्यातला जुना पांढरा रंग फुटून दिसतो आणि झाडाभोवती फिकट किनार उमटते. त्याउपर आकाश फार उजळ असेल तर प्रकाश भिंगात पसरून काडी खाऊनच टाकतो, आणि जी काडी चित्रात आलीच नाही ती कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. म्हणून जाणकार आकाश जळणार नाही इतपत कमी उजेड कॅमेऱ्यात घेऊन फोटो काढतात आणि झाडाचा अंधार नंतर उजळतात. किनार काढण्यासाठी कडेच्या पिक्सेलांत पानांचाच रंग भरतात. माडाला हे बऱ्यापैकी जमते. वडापिंपळाला, आणि मोठ्या सलग पानाच्या केळीला, आणखी सोपे. सुरूच्या बाबतीत पुष्कळदा शेंड्याचा भाग नव्याने रंगवण्यावाचून इलाज नसतो.

वसई-विरार पट्ट्यात या कौशल्याला गिऱ्हाईक दोन बाजूंनी मिळाले. पहिले लग्नाचे. डिजिटल कॅमेरा आणि जाड पानांचे करिझ्मा अल्बम २००० नंतरच्या दशकात रुळले. अल्बम ‘डिझाइन’ करणारा हा स्वतंत्र कारागीर झाला. तयार पार्श्वभूमींच्या फोटोशॉप (पीएसडी) फायलींच्या डीव्हीडी विकत मिळत. त्यांतले आकाश, धबधबे, ट्युलिपची शेते कोणत्या देशातली हे विचारण्यात अर्थ नव्हता. नंतर प्री-वेडिंगची लाट आली. वसईचा किल्ला, सुरुची बाग, अर्नाळा आणि राजोडीचा किनारा ही त्याची ठरलेली ठिकाणे. शूटचा दिवस जोडप्याच्या सुट्टीवर ठरतो, आकाशावर नाही. त्यामुळे एप्रिलच्या पांढऱ्या दुपारी काढलेल्या फोटोंत संध्याकाळ नंतर भरली जाते.

ती भरताना भूगोल आडवा येतो. विरारला समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून सुरूच्या बनामागे मावळता सूर्य बसवला तर निदान दिशा तरी बरोबर असते. जीवदानीचा डोंगर स्टेशनच्या पूर्वेला. गावातून डोंगराकडे पाहत घेतलेल्या फोटोत देवळामागे फक्त उगवतीचा सूर्य शक्य आहे. संध्याकाळी मावळतीचा उजेड डोंगरावर समोरून पडतो आणि कडे, पायऱ्या सगळे उजळून निघते. अशा उजळलेल्या डोंगरामागे केशरी सूर्यास्त लावला की चित्राला दोन सूर्य होतात, एक मागे दिसणारा आणि एक पुढून उजेड टाकणारा. ऋतूचेही तसेच. डोंगरावरचे गवत वाळून पिवळे झालेले आणि वर पावसाळी काळे ढग हे मेअखेरीस क्वचित घडते. वाळके गवत आणि सप्टेंबरचे धुतलेले निळे आकाश मात्र कधीच एकत्र येत नाही. इथे वाढलेल्या माणसाला यातले बिनसलेपण कारण न सांगताही जाणवते.

दुसरे गिऱ्हाईक घरबांधणीचे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा वेगळा जिल्हा झाला. याच वर्षांत विरार पश्चिमेला मोठमोठी गृहसंकुले उभी राहत होती. त्यांच्या जाहिरातींत कामाची दिशा उलटी असते. इमारत संगणकावर रचलेली, आकाश तयार साठ्यातले आणि झाडे कापून आणून चिकटवलेली. ही झाडे बहुतेकदा अशी की ज्यांना वसईच्या मातीत कोणी पाहिलेले नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्रात या कायद्याचे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करते. आकाशाच्या रंगाबद्दल कायदा काही म्हणत नाही. सोयी-सुविधा, मोकळी जागा, बाग यांबद्दल म्हणतो, म्हणून चित्राखाली ते काल्पनिक असल्याची बारीक अक्षरांतली ओळ येते.

हाताचे कसब २०१९-२० मध्ये एका फटक्यात स्वस्त झाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ल्युमिनार ४ या सॉफ्टवेअरने आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपने एका कळीवर आकाश बदलण्याची सोय दिली. फोनच्या गॅलरीतही ती त्याच सुमारास आली. यात कोणी चॅनेल उघडत नाही. आकाश कुठे आणि झाड कुठे हे हजारो चित्रांवरून शिकलेला प्रोग्रॅम प्रत्येक पिक्सेलबद्दल अंदाज बांधतो, कडा सावरतो आणि नव्या आकाशाच्या रंगाची हलकी झाक जमिनीवरही देतो. ही शेवटची पायरी जुन्या कारागिरांकडून पुष्कळदा राहून जायची. सूर्य कुठल्या बाजूला हे मात्र प्रोग्रॅम विचारत नाही, सावल्या वळवत नाही. फोटोशॉपसोबत येणारी आकाशे तीन गटांत आहेत, निळी, भव्य आणि सूर्यास्ताची. ती सगळ्यांकडे सारखीच असल्याने तोच ढग विरारच्या लग्नात आणि केनियाच्या सफारीत भेटू शकतो. मायब्रिजने निदान आपले ढग स्वतः टिपले होते.

वृत्तपत्रांत या सगळ्याला बंदी आहे आणि ती पाळली न गेल्यास शिक्षाही होते. अमेरिकेतल्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाने २००६ मध्ये आगीच्या एका चित्रातल्या आकाशाचा नुसता रंग बदलल्याबद्दल आपल्या छायाचित्रकाराला नोकरीवरून काढले. छायाचित्रस्पर्धांचे नियम विभागवार आहेत. फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणाच्या तीन संस्थांनी ठरवलेली निसर्गछायाचित्राची व्याख्या २०१५ पासून लागू आहे. तिच्यात काही घालणे, काढणे, बदलणे यांपैकी काहीच चालत नाही. अर्नाळ्याच्या बनाला आकाश न बदलताही तिथे प्रवेश नाही, कारण लागवडीची झाडे त्या व्याख्येत बसत नाहीत आणि सुरू हे वनखात्याने लावलेले झाड. प्रवासचित्रांच्या विभागातही आकाश बदललेले चालत नाही. ते चालते खुल्या विभागात, तेही चित्रातला प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला असेल तर. सॉफ्टवेअरसोबत मिळालेली आकाशे त्यामुळे बाद होतात, आणि स्पर्धेला चित्र पाठवू इच्छिणाऱ्याला पावसाळ्याच्या आगेमागे कॅमेरा घेऊन ढगांचा साठा स्वतःच करावा लागतो.